चौथ्या गाण्याबद्दल माझं मत

'मिठाचं बेट'चा दुसरा भाग येणार म्हणून आम्ही चाहते एकवीस वर्षं डोळे लावून बसलो होतो. सिनेमाच्या आठवडाभर आधी, एका शुक्रवारी सकाळी, त्याची गाणी आली. दहा गाणी. मी ती जेवणाच्या सुट्टीत ऐकली, कामाच्या जागीच.

मी कान तपासते. आमच्या दवाखान्यात कपाटाएवढी एक आवाजबंद खोली आहे, भिंतींना करडा स्पंज, दाराला दुहेरी काच. एरवी आत पेशंट बसतो आणि मी बाहेरून त्याच्या कानात बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. त्या दिवशी डबा टेबलावर तसाच ठेवून मी आत जाऊन बसले, दार ओढून घेतलं आणि हेडफोन लावले.

तीन गाणी होईपर्यंत माझा पार विरस झाला होता. चौथं मी अर्ध्यावर बंद केलं. मग उरलेली सहा ऐकली, बाहेर आले आणि जेवायच्या आधी चाहत्यांच्या गटावर माझं मत लिहून टाकलं. त्या गटात नऊ हजार माणसं आहेत. माझं तिथलं नाव 'भोंगा'.

ज्यांनी पहिला भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. एका बेटावर मिठाचा राजा असतो. कुणी मोठ्यानं बोललं, हसलं, रडलं की तो त्याचं मीठ करून टाकतो. सगळं बेट कुजबुजत जगतं. मग एका नावाड्याची मुलगी एवढ्या मोठ्यानं गाते की राजालाच तडे जातात आणि तो समुद्रात कोसळतो. 'फोड दर्या' हे ते गाणं. चाळीस ढोल, वरून जहाजांचे भोंगे, साखळदंडांचा खणखणाट. तीन मिनिटं चाळीस सेकंद. मुलांच्या सिनेमात त्याआधी कुणी एवढा दणका उडवला नसेल. लोक त्या मुलीसाठी तो सिनेमा बघायचे, मी भोंग्यांसाठी.

तर मी लिहिलं ते असं: "पहिलं गाणं मिनिटभर नुसत्या बासरीवर चालतं, आपल्याला वाटतं फोन बिघडला. दुसऱ्यात लहान मुलांचा कोरस आहे, त्यात मुलांचे श्वास ऐकू येतात. कुणाला हवे होते श्वास? तिसऱ्यात नावाड्याची मुलगी आता मोठी झालीये. आवाज चांगला आहे, पण लाजतो. पाचवं खेकड्याचं गाणं झकास, एकुलता एक ढोल तिथेच आहे, आणि ते दोन मिनिटांत गुंडाळलंय. सहा ते नऊ एकाच आईची लेकरं, कोणतं कोण ओळखू येत नाही. दहाव्यात सगळे हात धरून गातात, आपण तोवर चप्पल शोधत असतो. आणि चौथं. ज्यानं अख्खी गावं मिठाची केली त्याला आता व्हायोलिन दिलंय. 'विरघळू दे मला' म्हणे. अरे, विरघळ की! गातोस कशाला? एवढ्या मोठ्या सिनेमात एकही गाणं असं नाही की ज्याच्याखाली काही लपवता येईल."

शेवटचं वाक्य मी का लिहिलं ते कुणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत चारशेवर प्रतिक्रिया आल्या. निम्मे म्हणाले, भोंग्यानं मनातलं लिहिलं. निम्मे म्हणाले, भोंग्याचं वय झालं. मला बरं वाटत होतं. भांडणात मी कायम ताजीतवानी असते.

साडेपाचला दवाखान्यातल्या तपासणीच्या मशीनवर कापड घालत होते तेव्हा बहिणीचा फोन आला. ती माझ्याहून सहा वर्षांनी लहान. घरात सगळे तिला बारकी म्हणायचे, मी अजून म्हणते. ती पडदे शिवते, घरीच.

"ताई, वाचलं मी. केवढी सालं काढलीस बिचाऱ्यांची!"

"मग? खोटं आहे का त्यातलं काही?"

"खेकड्याचं पटलं. सहा ते नऊपण पटलं. पण चौथं मला सगळ्यात जास्त आवडलं."

"तुला काय, तुला सगळंच आवडतं."

"नाही गं. खरंच." मागे तिच्या मशीनचा आवाज थांबला. "बाबांनापण ऐकवलं. रडले."

मी म्हटलं, पेशंट आलाय, ठेवते. पेशंट नव्हता. मी मशीनचं कापड नीट केलेलं पुन्हा नीट केलं.

बाबा गाडी चालवायला शिकवायचा. मनातल्या मनात त्याला अहो-जाहो करणं मी घर सोडलं तेव्हाच सोडलं. अर्ध्या गावाला त्यानं शिकवलं असेल. अतिशय शांत माणूस, असं त्याचे विद्यार्थी सांगायचे. कुणी चौकात गाडी बंद पाडली, मागून लोक शिव्या देत असले, तरी सर हसून म्हणायचे, "घाई नाही. पुन्हा किल्ली फिरवा." त्याच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्याच्या. दिवसभर तो दुसऱ्यांच्या चुकांवर पाय ठेवून बसलेला असायचा. संध्याकाळी सातला घरी यायचा. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला अडकवली तर काही नाही. टेबलावर ठेवली तर मग पाळी आईची.

कारण काहीही चालायचं. भाजीत मीठ कमी. दुधाची पिशवी बाहेर राहिली. आई फोनवर हसली.

मी बारा वर्षांची होते तेव्हा आई आम्हाला 'मिठाचं बेट' बघायला घेऊन गेली आणि येताना गाण्यांची सीडी घेऊन दिली. आमच्या खोलीत एक जुना प्लेअर होता, त्याला आवाजाचं गोल बटण, एक ते दहा. दहावर कर्णा खरखरायचा, म्हणून नऊ. टेबलावर किल्ली वाजली की मी दार लावून घ्यायचे, सीडी टाकायचे आणि बारकीला उचलून पलंगावर उभी करायचे. "चल, तू नावाड्याची मुलगी!" ती सहा वर्षांची. ती उशी घेऊन वल्हवायची, मी मिठाचा राजा होऊन गादीवर कोसळायचे. 'फोड दर्या' तीन-तीनदा लावायचे. भिंतीपलीकडे काय चाललंय ते चाळीस ढोलांखाली बुडून जायचं. सगळं संपलं की आई दार ढकलून म्हणायची, "अगं, किती मोठ्यानं! शेजारी काय म्हणतील?" तिच्या तोंडाला पाणी लावलेलं असायचं, केस ओले.

त्याच वर्षी तिचा डावा कान गेला. बाथरूममध्ये घसरले, नळावर आपटले, असं ती सांगायची. पुढे मी कान तपासायचंच शिकले. पहिली नोकरी लागल्यावर तिला दवाखान्यात नेऊन काचेपलीकडे बसवलं आणि तपासलं. उजव्या कानाची रेघ सरळ, डाव्याची दरीत पडल्यासारखी. पडदा फाटून तसाच वेडावाकडा भरून आला होता. असा पडदा उघड्या हाताच्या थपडेनं फाटतो. मी तिला ते कागदावर काढून दाखवलं. ती म्हणाली, "पाणी गेलं होतं गं," आणि पर्स उचलली. कानाचं मशीन मात्र लावून घेतलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. छातीत पाणी झालं होतं, दहा दिवसांत आटोपलं सगळं.

तेव्हापासून मी त्या घरात पाऊल ठेवलं नव्हतं. चौदा महिन्यांपूर्वी बाबाला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. बारकीनं त्याचा पलंग पुढच्या खोलीत, तिच्या शिवणाच्या मशीनशेजारी आणला. मी पैसे पाठवायचे आणि फोन करायचे, तिलाच. ती कधी ये म्हणाली नाही. ती फार गोड मुलगी आहे असं सगळे म्हणतात, मीही म्हणायचे. मनात एक गोष्ट पक्की होती. ती गोड राहिली ती माझ्यामुळे. आम्ही दोघी एकाच घरात वाढलो, पण ते घर फक्त मी ऐकलं. एवढं एक काम मी आयुष्यात चोख केलं होतं.

म्हणून 'रडले' हा शब्द माझ्या डोक्यात गेला. माफीचं गाणं, रडणारा म्हातारा आणि त्याचे डोळे पुसणारी माझी बहीण! तिला माहीत नव्हतं म्हणून पुसत होती. मला वाटलं, आता सांगायला हवं.

पुढच्या शुक्रवारी सिनेमा लागला. बारकीनं सकाळी दहाच्या खेळाची दोन तिकिटं काढली होती. "शेजारच्या काकू बसतील बाबांपाशी. तू ये ना. आपण दोघींनीच बघू." मी रजा टाकून गेले. ती सिनेमागृहाच्या दाराशी उभी होती, जुन्या कुडत्यावर नवी ओढणी. बारीक झाली होती. बोटांना सुयांची भोकं. मला बघून लहानपणी हसायची तशी हसली.

आत आम्हाला धरून वीसेक माणसं. पहिली तीन गाणी पडद्यावर जरा बरी वाटली, ते कबूल करते. मग राजा आला. समुद्राच्या तळाशी मुठीएवढा खडा होऊन पडलेला. व्हायोलिन सुरू झालं. बारकीनं माझं मनगट धरलं. मी तिच्याकडे पाहिलं, तर तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

मी हात सोडवला आणि बाहेर आले.

बाहेर जिन्यावर एक बाई फरशी पुसत होती. मी ओल्या पायऱ्या टाळून खालच्या पायरीवर बसले. मिनिटभरात बारकी आली.

"बरं वाटत नाहीये का?"

"बस इथे," मी म्हटलं. "तुला एक सांगायचंय. त्या गाण्यांखाली काय होतं ते तुला माहीत नाही."

"कुठल्या गाण्यांखाली?"

"आपल्या सीडीच्या. मी नऊवर लावायचे ना? का लावायचे ते..."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"नाही माहीत. तू सहा वर्षांची होतीस. बाबा आईला..."

"ताई, माहीत आहे मला." तिनं ओढणीनं तोंड पुसलं. "एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधे काही वाजायचं नाही. चार सेकंद. मी मोजायचे. एक, दोन, तीन, चार. त्यात सगळं ऐकू यायचं. तू तेव्हा जास्त मोठ्यानं ओरडायचीस, 'चला, पुढचं गाणं!' म्हणून. तरी यायचं."

फरशी पुसणारी बाई आमच्या वरच्या पायरीवर आली. आम्ही पाय बाजूला घेतले. ती पुढे गेली.

"मग तू नाचायचीस कशाला?" मी विचारलं.

"तू किती खूश व्हायचीस मी नाचले की. मला वाटायचं, मी थांबले तर तू रडायला लागशील. आणि तू रडलीस तर मग कुणीच उरणार नाही." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "एकदा थांबले होते. तुझा चेहरा असा झाला ना, की पुन्हा उशी उचलली."

त्या पायरीवर बसल्या बसल्या माझ्या हातातून काहीतरी निसटून गेलं. सहा वर्षांच्या पोरीनं मला सांभाळलं होतं. एकवीस वर्षं मी ज्या एका गोष्टीच्या जोरावर ताठ मानेनं फिरत होते, ती घडलीच नव्हती.

माणूस अशा वेळी जे करतो तेच मी केलं. तिच्यावर घसरले.

"सगळं माहीत असून त्याची सेवा करतेस? त्याला भरवतेस, पुसतेस, गाणी ऐकवतेस? माफ करून मोकळी झालीस?"

"माफ केलं असं कोण म्हणालं?"

"तूच म्हणालीस. गाणं आवडलं. बाबा रडले."

"हो. गाणं आवडलं. बाबा रडले." ती माझ्याकडे बघत होती, अगदी सरळ. "तू ते शेवटपर्यंत ऐकलंस तरी का?"

मी ओल्या फरशीकडे पाहिलं.

"नऊ हजार लोकांना सांगितलंस वाईट आहे म्हणून, आणि ऐकलंच नाहीस? चल घरी."

सिनेमा अर्ध्यावर टाकून आम्ही घरी आलो. चालत वीस मिनिटं. ती पुढे, मी मागे.

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या पुढच्या खोलीत औषधांचा आणि नव्या कापडाचा वास मिसळलेला होता. काकू आम्हाला बघून चकित झाल्या, "संपला एवढ्यात?" म्हणाल्या आणि चपला घालून गेल्या. बाबा पलंगावर होता. मी त्याला तीन वर्षांनी पाहत होते. केवढा लहान झाला होता. तोंड उजवीकडे ओघळलेलं, दाढी स्वच्छ केलेली, चादर पांढरीशुभ्र. बारकीनं त्याला खरोखर छान ठेवलं होतं. उजवा हात चादरीवर पालथा पडलेला, त्याचा नसल्यासारखा. माझी नजर आधी त्या हातावरच गेली. त्यानं मला ओळखलं, डोळ्यांत कळलं.

बारकी मशीनवर जाऊन बसली. निम्मा शिवलेला पडदा तसाच होता. तिनं फोन उचलला आणि म्हणाली, "बाबा, ताई आलीये. गाणं लावते हं."

तिच्या सुरात गोडवा होता, लहान मुलाशी बोलतात तसा. बाबाच्या घशातून एक आवाज निघाला.

स्पीकर त्याच्या उशाशी होता, उजव्या अंगाला. व्हायोलिन वाजू लागलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि ते गाणं पहिल्यांदा पूर्ण ऐकलं.

पहिली दोन मिनिटं राजा विरघळू दे, विरघळू दे करत राहतो. तेवढंच मी ऐकलं होतं. मग व्हायोलिन थांबतं. वाद्य काहीच नाही. आणि राजा एकेकाला आठवायला लागतो. ही विहिरीवर हसली, मी तिचं मीठ केलं. हा पाळण्यात रडला, मी त्याचं मीठ केलं. हिनं दारातून हाक मारली. ह्यानं झोपेत नाव घेतलं. असे अकरा जण. गात नाही, जवळजवळ बोलतोच. त्याला कुणी उत्तर देत नाही. कुणी माफ करत नाही. अकरावा झाला की गाणं थांबतं, बस.

'हिनं दारातून हाक मारली' इथे बाबा रडायला लागला. तोंड वाकडं करून, आवाज न करता. डावा हात उचलून त्यानं डावा कान झाकला. उजवा कान उघडाच राहिला. हात तिथवर नेण्याची त्यानं धडपड केली, पण तो छातीपलीकडे जाईना, परत पडला. मग मला कळलं, स्पीकर त्या बाजूला का होता.

"रोज लावतेस?" मी विचारलं.

"आल्यापासून रोज. दिवसातून चारदा, पाचदा." ती सुईत दोरा ओवत होती. "चौदा महिने मला शब्द सापडत नव्हते, ताई. काय म्हणायचं असतं अशा माणसाला? त्याला तर उलट बोलताही येत नाही. ह्या गाण्यात आयते मिळाले. ते रडतात तेव्हा मी शिवण थांबवत नाही."

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. हाच माणूस, ह्याच घरात, आणि आता कान झाकायची पाळी त्याची. बारकी करतेय ते मला कधी सुचलंच नाही, असंही वाटलं.

गाणं संपलं. तिनं ते पुन्हा पुन्हा वाजण्यावर ठेवलेलं होतं. मधे शांतता पडली. मी बारकीकडे पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, समाधान नव्हतं, काहीच नव्हतं. नजर सुईवर होती आणि ओठ हलत होते. एक, दोन, तीन, चार.

व्हायोलिन सुरू झालं तशी मी पुढे झाले आणि स्पीकरची वायर ओढून काढली.

"लाव ती परत," बारकी म्हणाली.

"नाही."

"तू कोण बंद करणार? तीन वर्षं फिरकली नाहीस. मी ह्यांचं सगळं करते. अंग पुसते, घाण काढते. मला एवढंही नको?"

"त्याच्यासाठी नाही बंद केलं. तो ऐकेल नाहीतर मरेल, मला काय करायचंय? तू मोजत होतीस."

"कोण?"

"तू. आत्ता. ओठांनी."

तिनं बोटं ओठांवर ठेवली, जणू तिथे काही लागलंय. मग मशीनवर डोकं टेकलं, पडद्याच्या कापडातच, आणि ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले. तिच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. पलंगावरून बाबानं आवाज काढला. "ता," की "था," असं काहीतरी. ताई असेल, थांब असेल. ऐकण्यावर मी पोट भरते, पण तो शब्द काय होता ते शोधायच्या फंदात मी पडले नाही.

त्याला घरातून हलवायला सात आठवडे लागले. बारकी आधी तयारच नव्हती. "लोक काय म्हणतील?" इथपासून "मग मी दिवसभर काय करू?" इथपर्यंत. दुसरं खरं होतं. मी दर रविवारी जायचे, ती भांडायची, मी भांडायचे, मग चहा. शेवटी गावाबाहेर एक शुश्रूषा केंद्र मिळालं. पडून असलेल्या माणसांचं. न्यायला आले त्या दिवशी दोघा जणांनी त्याला खुर्चीत बांधून जिन्यानं खाली उतरवलं. रस्त्यावर एक मध्यमवयीन माणूस गाडी थांबवून धावत आला. "सर! ओळखलंत का? मी तुमच्याकडे शिकलो." त्यानं बाबाचा निर्जीव हात दोन्ही हातांत घेतला आणि आम्हाला म्हणाला, "फार मोठा माणूस, ताई. कधी आवाज चढवला नाही." बारकी औषधांची पिशवी धरून उभी होती. ती म्हणाली, "हो का?" आणि गाडीत बसली.

मधे एकदा मी गटावर लिहिलं की चौथं गाणं मी अर्धंच ऐकून शिव्या घातल्या होत्या, ती माझी चूक. गाणं चांगलं बांधलंय, व्हायोलिन थांबतं ती जागा तर फार विचार करून ठेवलेली आहे. मला ते पुन्हा ऐकायचं नाही, पण तो माझा प्रश्न. त्यावर सहाच प्रतिक्रिया आल्या. चूक कबूल केलेली लोकांना फारशी रंगत नाही.

बारकी माझ्याकडे राहायला आली. आधी महिनाभर म्हणून, मग तशीच. पहिले काही दिवस ती नुसती झोपायची. मग मशीन आणलं, खिडकीखाली ठेवलं. ती पहिल्यासारखी गोड राहिली नाही. चिडते, दार आपटते, माझ्या जेवणाला नावं ठेवते. मीही तिच्याशी ताईपणा करायचं कमी केलंय. जमतं असं नाही.

बाबाला हलवल्यावर पाचव्या महिन्यात केंद्रातून फोन आला. दुपारचे तीन वाजले होते. पहाटे ताप चढला, दुपारी गेले, असं तिथल्या बाई म्हणाल्या. मी दवाखान्यातून घरी आले आणि बारकीला सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. पडद्याची दुमड पूर्ण करून तिनं दोरा तोडला. मग विचारलं, "तुला रडू येतंय?"

"नाही."

"मला येतंय." तिचे डोळे लाल झाले होते, जबडा आवळलेला. "रडू येतंय, ह्याचाच मला राग येतोय."

आम्ही दोघी गेलो. चेहरा झाकलेला होता. बघायचंय का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा बारकी हो म्हणाली आणि मी नाही म्हणाले. ती आत गेली, दोन मिनिटांत बाहेर आली. मग तिथल्या बाईंनी त्याच्या कपड्यांची पिशवी आणि चष्मा टेबलावर ठेवला.

"हे आम्हाला नकोय," बारकी म्हणाली.

"नको असलं तरी सही लागते," बाई म्हणाल्या. "नियम आहे. बाहेर कचऱ्याचा डबा आहे, नंतर टाका हवं तर."

बारकीनं सही केली. पिशवी उचलली. डबा दाराशीच होता, हिरवा, झाकण उघडं. ती त्याच्या पुढून तशीच निघून गेली. मी तिच्या हातातून पिशवी घ्यायला गेले तर तिनं ती दुसऱ्या हातात धरली आणि म्हणाली, "राहू दे. जड नाहीये."